काकूचं करवंद आणि लिनियसचं करवंद

तर झालं असं. गेल्या श्रावणात एका शनिवारी सकाळी गावाहून काकूचा फोन आला.

"अरे, तुझी करवंदं लागली."

"आता? श्रावणात?"

"तेच म्हणते मी. आणि पांढरी आहेत. गालावर गुलाबी. करवंदं कसली, मुंबईची बाळं दिसतायत."

हा फोन कळायला चार वर्षं मागं जायला हवं. राजापूरच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे. तिच्या सड्याकडच्या अंगाला, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा कातळ जिथे सुरू होतो तिथे, एक गडगा आणि गडग्याच्या डोक्यावर करवंदीची जाळी होती. ही जाळी कुणी लावली होती, असं विचारलं तर घरात कुणीच उत्तर देत नसे, कारण ती कुणी लावलेलीच नव्हती. मग गावचा रस्ता रुंद झाला, एका दुपारी पोकलेन आलं आणि गडगा, जाळी, सगळं बाजूला सारून गेलं. काका चिऱ्याची भिंत घालणार होते. मी पुण्यात बसून शहाणपणा केला. म्हटलं, भिंत कशाला, जिवंत कुंपण करू, करवंदीचंच. एका रोपवाटिकेतून पंचवीस रोपं मागवली. प्रत्येकावर व्यवस्थित छापील चिठ्ठी होती: करवंद, कॅरिसा कॅरँडस. रोपं लावली, जगली, काटेही झकास आले. आणि चौथ्या पावसाळ्यात हे पांढरं प्रकरण.

रोपवाटिकेशी भांडायच्या तयारीनं मी दोन वीकांत जालावर आणि लायब्ररीत घालवले. भांडण काही झालं नाही, कारण चिठ्ठी बरोबर होती. काकूही बरोबर होती. आमच्या धंद्यात याला म्हणतात दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे झालेला घोटाळा. फक्त हा घोटाळा साडेचारशे वर्षं जुना निघाला.

सुरुवात त्याहूनही जुन्यापासून करू. संस्कृतात या झाडाला करमर्द म्हणतात. चरक-सुश्रुतांच्या आंबट फळांत करमर्द आहे. अमरकोशात त्याला आणखी नावं आहेत, त्यातलं मला आवडलेलं नाव म्हणजे कृष्णपाकफल. पिकल्यावर काळं होणारं फळ. नाव कसलं, ओळखायची खूणच आहे ती. करमर्दाचं झिजत झिजत उत्तरेत करौंदा झालं आणि आपल्याकडे करवंद. म्हणजे हिंदीतला करौंदा आणि आपलं करवंद हे एकाच शब्दाचे दोन नातू आहेत. शब्द एक आहे म्हणून फळही एक असेल, असं आपण धरून चालतो. उत्तरेतला करौंदा बागेत, कुंपणाला लावतात, आणि तो पिकतो पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. कोकणातलं आणि घाटावरचं रानकरवंद लागतं थंडी सरता सरता फुलून, आणि पिकतं एप्रिल-मेमध्ये. मृग लागला की संपलं. पावसाचं पाणी पडलेलं करवंद आमच्याकडे कुणी तोंडात घालत नाही, अळी असते म्हणतात.

माझी रोपं श्रावणात का फळली याचं उत्तर इथंच मिळालं. रोपवाटिकेनं उत्तरेकडच्या लागवडीची जात दिली होती. फळ मोठं, कच्चं असताना पांढरं आणि गुलाबी छटेचं, पिकल्यावर लालसर-जांभळं. लोणच्याला, जेलीला उत्तम. आणि केकवर ती लालभडक 'चेरी' असते ना, जी आपण लहानपणी शेवटी खायला राखून ठेवायचो? ती पुष्कळदा हेच फळ असते, बी काढून, साखरेच्या पाकात मुरवून, रंगवलेलं. मला हे कळलं तेव्हा मी जरा वेळ गप्पच बसलो. वाढदिवसांच्या केकवर करवंदं खाल्ली आणि मे महिन्यात जाळीवरून करवंदं खाल्ली, आणि दोन्हींचा संबंध आयुष्यात जोडला नाही.

असो. नावाकडे येऊ.

कॅरँडस हा शब्द लॅटिन वाटतो, पण तो लॅटिन नाही. तो छापला गेला गोव्यात. १५६३ साली, १० एप्रिलला, गोव्याच्या छापखान्यातून एक जाडजूड पोर्तुगीज पुस्तक बाहेर पडलं. लेखक गार्सिया द ऑर्ता, पेशानं वैद्य. हा १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं वैद्य म्हणून जाणं-येणं होतं. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानं होतं. तेव्हाची मुंबई म्हणजे आंबे, नारळ, भात आणि मासळी. पुस्तकाची मांडणी गंमतशीर आहे. ऑर्ता स्वतः आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा डॉक्टर यांच्या गप्पा. रुआनो युरोपातून पुस्तकं वाचून आलेला, त्याला ग्रीक आणि अरब वैद्यांचं सगळं पाठ. आणि ऑर्ता त्याला सांगतो की बाबा रे, ते सगळं ठीक, पण मी ते झाड इथं डोळ्यांनी पाहिलंय. क्लेमेंट्स मार्कहॅमनं १९१३ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद आता जालावर चकटफू वाचायला मिळतो. एकदा हातात घेतला की रविवार संपला समजा.

या गप्पांतल्या तेराव्या प्रकरणाचं शीर्षक आहे 'वेलदोडा आणि कॅरँडस'. वेलदोडा म्हणजे तेव्हाचं सोनं. तो कुठला, किती प्रकारचा, जुन्या ग्रीकांनी ज्याचं वर्णन केलं तो हाच का, यावर ऑर्ता पानंच्या पानं घालवतो. आणि त्या सोन्याच्या शेपटाला आमचं फुकटचं रानफळ बांधलेलं. तो सांगतो की हे फळ पिकल्यावर काळं होतं, चवीला द्राक्षाची आठवण देतं आणि मिठात मुरवूनही ठेवतात. मला यात मजा अशी वाटते की करवंदाला कुठली औषधी कीर्ती नव्हती, व्यापार नव्हता, जहाजात भरून लिस्बनला न्यावं असं त्यात काही नव्हतं. तरी त्यानं ते लिहिलं. कारण त्यानं ते खाल्लं होतं, एवढंच.

आणखी एक बारीक शंका. गोव्यात करवंदाला कोकणीत कांटां म्हणतात. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात पानांच्या द्रोणांत ती विकायला असतात. मग गोव्यात बसलेल्या ऑर्तानं नाव कॅरँडस का लिहिलं? हा शब्द कांटांपेक्षा करवंदाच्या किती जवळचा आहे. माझा अंदाज असा, की नाव त्यानं घाटमाथ्यावर, निजामशहाच्या मुलखात जाता-येता ऐकलं असावं, किंवा त्या बाजूच्या माणसाकडून. पुरावा नाही, वीकांताचा अंदाज आहे. पण घाट उतरता-चढताना कुणीतरी 'हे काय?' या प्रश्नाला 'करवंद' असं उत्तर दिलं आणि एका पोर्तुगीज कानानं ते पकडलं, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

ऑर्ता १५६८ मध्ये वारला. तो ज्यू वंशातला, वरवर ख्रिस्ती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्येच येऊन बसलं होतं. त्याच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये ऑर्ताची हाडं उकरून काढून तीही जाळली. पुस्तक मात्र तोवर निसटलं होतं. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १५६७ मध्ये अँटवर्पमध्ये त्याचा लॅटिन सारांश छापला आणि तो युरोपभर गेला. माणूस राखेत गेला आणि त्याचा कॅरँडस टिकला.

दोनशे वर्षांनी, १७६७ मध्ये, स्वीडनमध्ये बसलेल्या लिनियसनं आपल्या जगभराच्या यादीत या झाडाची अधिकृत नोंद केली: कॅरिसा कॅरँडस. लिनियस भारतात कधीच आला नाही. त्याच्यापुढे सुकवलेले नमुने आणि आधीच्यांची पुस्तकं. सुकवलेल्या फांदीवर काटे दिसतात, पानांची जोडी दिसते, फुलाची नळी मोजता येते. ती फांदी वैशाखात फळते की श्रावणात, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

यानंतर मद्रासकडच्या रॉबर्ट वाइटनं एक वेगळी नोंद केली. वाइट हा स्कॉटिश डॉक्टर. १८३८ ते १८५३ या काळात त्यानं हिंदुस्थानातल्या वनस्पतींच्या चित्रांची प्रचंड मालिका काढली. चित्रं काढणारे होते रंगय्या आणि त्यांच्यानंतर गोविंदू. या मालिकेत करवंदीच्या एका रूपाला त्यानं वेगळं नाव दिलं, कॅरिसा कंजेस्टा. आपल्याकडचे कितीतरी अभ्यासक, विशेषतः कोकणातले, रानकरवंदाला आजही कंजेस्टा म्हणतात. जागतिक याद्या मात्र म्हणतात की कंजेस्टा हे कॅरँडसचंच दुसरं नाव, दोन्ही एकच. म्हणजे काकूचं करवंद आणि माझं पांढरं बाळ एकाच नावाखाली. शास्त्रात हे चालतं. हापूस आणि रायवळ हे दोन्ही आंबेच की. पण हापूस मागितल्यावर रायवळ दिला तर चिठ्ठीवर 'आंबा' बरोबर लिहिलंय म्हणून कुणी गप्प बसत नाही. आंब्याच्या जातींना नावं आहेत, कारण आंब्याला पैसा आहे. करवंदाला नाही, म्हणून ती नावं नाहीत.

जाता जाता आमच्या जातभाईचा उल्लेख करतो. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ, ज्याच्याशिवाय महाराष्ट्रात आजही अभ्यासकांचं पान हलत नाही, तो १९०१ ते १९०८ या वर्षांत थिओडोर कुक यानं लिहिला. कुक मूळचा इंजिनियर! आधी रेल्वेत, मग पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्राचार्य. तेव्हा इंजिनियरनं झाडांत नाक खुपसू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी कुकसाहेबांकडे बोट दाखवावं, माझ्याकडे नाही.

आता तुम्हाला रानात करवंद ओळखायचं असेल तर. बहुतेक मराठी वाचकांना हे सांगणं म्हणजे आजीला लोणचं शिकवणं आहे, पण माझ्या ऑफिसातल्या निम्म्या पोरांनी करवंद फक्त बाटलीतल्या लोणच्यात पाहिलंय, म्हणून सांगतो. झुडूप, फार तर दोन-तीन माणसांच्या उंचीचं, पण बहुधा कमरेपासून डोक्यापर्यंत आणि रुंदीनं अस्ताव्यस्त. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, लंबगोल. पानांच्या पेरापाशी काट्यांची जोडी, काटा सरळ, कडक, कधी टोकाला दुभंगलेला. फुलं पांढरी, बारीक नळीची, पाच पाकळ्यांची, फांद्यांच्या टोकाला झुबक्यानं, आणि वास जाईच्या घराण्यातला. काहीही मोडा, पांढरा चीक येतो.

या चिकाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. करवंद ज्या कुळातलं आहे त्याच कुळात कण्हेर आहे आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, पण आहे. दोन्ही विषारी. म्हणजे चिकाळ आणि विषारी नातेवाइकांच्या घरातलं हे एक खाण्याजोगं पोर. तेव्हा 'चीक आला, करवंदच असणार' हा तर्क कधीही करू नका. काटा बघा. कण्हेरीला आणि बिट्टीला काटे नसतात. काटा, समोरासमोर पानं, चीक, आणि काळं पिकलेलं गोल फळ, ही चारही एकत्र हवीत. शहरातल्या बागांत आणखी एक चुलत भावंड दिसतं, दक्षिण आफ्रिकेतून आलेलं. काटा इंग्रजी वाय सारखा ठळक दुभंगलेला, फूल बरंच मोठं, फळ लाल. तेही पिकल्यावर खातात, पण ते आपलं नव्हे.

आणि एक खूण पुस्तकात नसते. फळ दातानं अर्धं करायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. यावर आम्ही गोट्या हरलो आहोत.

काटे म्हटल्यावर कुंपण आलं, आणि कुंपण म्हटल्यावर माझ्या शोधात जी गोष्ट हाती लागली तिच्यामुळे हा लेख एका वीकांताऐवजी तिसऱ्या वीकांताला लिहितोय. मी 'करौंदा कुंपण' असं काहीतरी गुगलत होतो. अपेक्षा होती रोपांत किती फूट अंतर ठेवावं याची. निघालं इंग्रजांचं मीठ.

गेल्या नाही, त्याच्या आधीच्या शतकात, इंग्रजांनी हिंदुस्थान आडवा कापणारी एक जकातरेषा आखली होती. हेतू असा की पश्चिमेकडचं स्वस्त मीठ जबर कर भरल्याशिवाय बंगाल इलाख्याच्या मुलखात जाऊ नये. १८६९ च्या सुमारास ही रेषा सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती, आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसं पहाऱ्याला होती. नुसत्या पहाऱ्यानं भागेना, म्हणून काट्यांचा बांध घातला. वाळके काटे वाळवी खाई, वारा नेई, आग लागे. मग कुणाला तरी सुचलं की काटे जिवंतच का लावू नयेत. १८६७ ते १८७० या काळात जकातीचा कमिशनर होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तोच, ज्यानं पुढे १८८५ मध्ये काँग्रेस स्थापण्यात पुढाकार घेतला. ह्यूमला पक्ष्यांचा आणि झाडांचा भारी नाद. त्यानं हे जिवंत कुंपण मनावर घेतलं. जमीन बघून झाडं निवडली: कुठे बाभूळ, कुठे बोर, कुठे निवडुंग आणि थोर, आणि कुठे करौंदा. चांगलं वाढलेलं कुंपण १० ते १४ फूट उंच आणि ६ ते १२ फूट रुंद असे. १८७८ मध्ये पक्कं, हिरवं, अभेद्य असं कुंपण ४११ मैलांहून जास्त झालं होतं. ही रेषा बऱ्हाणपूरच्या जवळून जायची. म्हणजे आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यावरून.

हे कुंपण जगानं विसरून टाकलं होतं. रॉय मॉक्सहॅम नावाच्या एका इंग्रज माणसाला जुन्या पुस्तकाच्या तळटिपेत त्याचा उल्लेख सापडला. तो पिच्छा पुरवत हिंदुस्थानात आला, आणि तीन फेऱ्यांनंतर १९९८ मध्ये चंबळच्या बाजूला त्याला त्याचे अवशेष मिळाले. त्याचं पुस्तक २००१ साली निघालं. तळटिपेवरून माणूस एवढं करू शकतो हे वाचून माझे तीन वीकांत मला अगदीच किरकोळ वाटले.

मी मात्र त्या यादीतल्या एका शब्दावर अडकून बसलो. करौंदा. आमच्या गडग्यावर जे आपणहून आलं, ज्याचे काटे आम्ही फळांसाठी सोसले, तेच झाड सरकारनं मैलोन्‌मैल पैसे खर्चून लावलं, माणसाला चिमूटभर मीठ नेता येऊ नये म्हणून. त्या पहारेकऱ्यांनी पावसाळ्यात ती फळं खाल्ली का, मीठ लावून खाल्ली का, हे कुणी लिहिलेलं नाही.

जकातरेषा १८७९ मध्ये बंद झाली. सगळीकडे सारखा कर लावला, कुंपणाची गरज संपली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, जंगलाचा कायदा आला होता. म्हणजे काय झालं बघा. जिथे सरकारनं करवंदी लावली होती ते कुंपण उठलं, आणि जिथे ती आपली आपण वाढत होती ते रान, न दिसणाऱ्या कुंपणाच्या आत गेलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याची तक्रार आहे. पूर्वी ज्या गरीब शेतकऱ्याचं शेतीवर भागत नसे तो उंबर-जांभळासारखी रानफळं खाऊन, पानं-फुलं, लाकूडफाटा विकून कसाबसा निभावून नेई, आणि जंगलखात्यानं तेही तोडलं, असं त्यांचं म्हणणं. आपण रानमेवा हा शब्द हल्ली फार गोड करून वापरतो. फुल्यांच्या पानावर तो मेवा नाही, ते पोटातलं अन्न आहे.

हे लांबचं वाटत असेल तर मे महिन्यात कसारा घाटात किंवा माळशेजच्या वाटेवर गाडी थांबवा. पळसाच्या किंवा कुड्याच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका बसलेल्या असतात. 'डोंगराची काळी मैना'. पहाटे निघायचं, काट्यांतून हात घालायचा, ऊन चढायच्या आत रस्त्यावर यायचं, कारण पिकलेलं करवंद दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. पाच-सहा आठवड्यांचा हंगाम, आणि तोही नेमका भातशेती सुरू व्हायच्या आधीचा, जेव्हा घरात पैसा नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं असं गौण वनोपज गोळा करून विकायचा हक्क कागदावर मान्य केला. पण जाळी राहिली पाहिजे ना. वणवा लागला की जाते. काजूच्या लागवडीला सडा साफ केला की जाते. रस्ता रुंद झाला की जाते, हे तर आमच्याच घरचं.

श्रावणात पिकणारं, गुलाबी गालाचं, टिकाऊ फळ हे त्या बाईच्या काही कामाचं नाही. तेव्हा तिला घरी पैसे नको असतात असं नाही, पण ती तेव्हा चिखलात लावणी करत असते.

हे सगळं डोक्यात भरून मी मे महिन्यात गावी गेलो. काकूला ऑर्ता सांगितला, लिनियस सांगितला, ह्यूमही सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या सायबाला पण ठाऊक नव्हतं वैशाखात येतं ते."

मग ती मला सड्याच्या पलीकडे देवळामागच्या जाळीकडे घेऊन गेली. जाळ्यांतही फरक असतो हे मला त्या दिवशी कळलं. तिनं तीन जाळ्या ओलांडल्या: ही आंबट, ही नुसती बियांची, हिला चीक फार. चौथीपाशी थांबली. "ही घे." दापोलीच्या कृषी विद्यापीठानं अशाच निवडीतून 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे, आणि ती मिळत असेल तर नवीन लावणाऱ्यानं खुशाल ती लावावी. पण मला आता काकूचीच हवी होती.

लावायचं कसं, तेवढं लिहितो. पूर्ण काळं, मऊ पिकलेलं फळ घ्यायचं. गर चोळून बी धुवायचं, सावलीत जरा सुकवायचं आणि आठवड्याच्या आत पेरायचं. ठेवून दिलेलं बी लवकर मरतं, पुढच्या वर्षी बघू म्हणालात तर बघायला काही राहत नाही. माती हलकी, पाणी न साचणारी. मी दुधाच्या पिशव्यांना खाली भोकं पाडून त्यांत लाल माती, वाळू आणि थोडं शेणखत घातलं. रोप फार हळू वाढतं, वर्षभरात वीतभर झालं तरी खूप. फांद्या तोडून लावायचा प्रयत्न मी केला, बारातली एकही लागली नाही. पावसाळ्यात गुटी बांधली तर मुळं येतात असं जाणकार सांगतात. त्याचा फायदा असा की आईसारखंच फळ मिळतं. बियांच्या रोपाचं तसं नसतं, ते थोडं नशिबावर. कुंपणाला रोपात दोन-तीन फुटांचं अंतर पुरतं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायचं, मग विसरून जायचं. छाटणी करताना हातमोजे घाला. मी घातले नव्हते.

साठ बिया पेरल्या होत्या. सदतीस उगवल्या. चार बाल्कनीतल्या कबुतरांनी आडव्या केल्या, दोन मीच जास्त पाणी घालून मारल्या. एकतीस आहेत. यंदा जूनच्या पहिल्या पावसाला एसटीनं घेऊन जाणार आहे, भाज्यांच्या दोन क्रेटमध्ये बसतात, मोजून पाहिलंय. पांढऱ्या करवंदीचं काय करायचं हा प्रश्न होता. उपटायला मन होईना. काकू म्हणाली, राहू दे, लोणच्याला बरी आहे, आणि काटे तर तिचेही लागतात. तेव्हा नवीन ओळ तिच्या आतल्या बाजूनं येईल.

फळं लागायला चार वर्षं तरी लागतील. काकू आत्ता एकाहत्तर वर्षांची आहे. परवा फोनवर तिनं एवढंच विचारलं, की मोजून एकतीसच का, देवळामागची एक जाळी अजून आहे, चार बिया जास्त घेतल्या असत्यास तर काय झालं असतं.